समजून घ्या: कंपन्यांचा सीएसआर निधी रावेरसारख्या तालुक्यात पाणी, झाडं आणि सौर ऊर्जेसाठी कसा येऊ शकतो?

गावाच्या वेशीवर एक फलक दिसतो. त्यावर कंपनीचं नाव, बोधचिन्ह आणि 'सीएसआर निधीतून' असे शब्द असतात. शेजारी एखादा बंधारा, सौर दिव्यांचा खांब किंवा जाळीत लावलेली झाडं असतात. फोटो सोशल मीडियावर फिरतो, लाइक्स येतात. मग दोन वर्षांनी त्याच गावातला कुणीतरी दुसरा फोटो टाकतो. दिवा बंद, जाळी रिकामी.

हे पैसे नेमके कुणाचे असतात? कंपन्या ते उपकार म्हणून देतात की कायद्यानं द्यावेच लागतात? आणि जळगाव जिल्ह्यातल्या रावेरसारख्या, केळी पिकवणाऱ्या पण मोठे कारखाने नसलेल्या तालुक्याला त्यातलं काही मिळू शकतं का?

एकेक मुद्दा पाहू.

सीएसआर म्हणजे काय?

सीएसआर म्हणजे कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी. मराठीत आपण त्याला कंपन्यांचं सामाजिक दायित्व म्हणतो.

भारतात ते कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मध्ये लिहिलेलं आहे. १ एप्रिल २०१४ पासून हे कलम लागू झालं. त्यानुसार आधीच्या आर्थिक वर्षात पुढीलपैकी एक जरी अट पूर्ण झाली, तर ती कंपनी या कलमाच्या कक्षेत येते:

- निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त
- उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त
- निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त

अशा कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. म्हणजे तीन वर्षांचा सरासरी नफा ५० कोटी असेल, तर वर्षाला १ कोटी रुपये.

पैसे पडून राहिले तर? सुरुवातीच्या काळात 'का खर्च झाले नाहीत' एवढं कारण अहवालात लिहिलं की भागत होतं. जानेवारी २०२१ मध्ये नियम कडक झाले. आता अनेक वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाचे उरलेले पैसे आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकावे लागतात आणि तीन वर्षांत खर्च करावे लागतात. बाकीचे उरलेले पैसे सहा महिन्यांच्या आत पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या सरकारी निधीत जमा करावे लागतात. हे केलं नाही तर कंपनीला न भरलेल्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी रुपये, यातली जी रक्कम कमी असेल तेवढा दंड होतो.

त्यामुळे गावात आलेला सीएसआरचा पैसा हा निव्वळ दानधर्म नाही. तो कायद्यानं बांधलेला पैसा आहे, आणि म्हणूनच त्याबद्दल प्रश्न विचारायला संकोच वाटायचं कारण नाही.

पर्यावरण आणि सौर ऊर्जा यात बसतात का?

बसतात. कोणत्या कामांवर खर्च करता येतो याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिली आहे. त्यात पर्यावरणाचं रक्षण, परिसंस्थेचा समतोल, वनस्पती आणि प्राण्यांचं संरक्षण, कृषी वनीकरण, नैसर्गिक साधनसंपत्तीचं जतन आणि माती, हवा, पाणी यांची गुणवत्ता राखणं असा स्वतंत्र मुद्दा आहे. पिण्याचं शुद्ध पाणी आणि ग्रामविकास हेही यादीत आहेत. अपारंपरिक ऊर्जेचे प्रकल्प पर्यावरणाच्या मुद्द्याखाली येतात.

काय बसत नाही, हेही महत्त्वाचं आहे:

- कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेलं काम
- फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या फायद्याचं काम
- राजकीय पक्षाला दिलेली देणगी
- मालाच्या जाहिरातीसाठी केलेलं प्रायोजकत्व
- मॅरेथॉन, पुरस्कार सोहळा असे एका दिवसाचे कार्यक्रम

म्हणजे पर्यावरण दिनाला टी-शर्ट वाटून पन्नास रोपं लावली आणि विषय संपला, तर कायद्याला अपेक्षित असलेला 'प्रकल्प' तो नव्हे.

रावेरला या पैशाची गरज का आहे?

रावेर म्हटलं की केळी. रावेर आणि सावदा ही रेल्वे स्टेशनं उत्तर भारतात केळी पाठवण्यासाठी ओळखली जातात. 'जळगाव केळी'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२१ मध्ये याच तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली.

पण केळीला बारा महिने पाणी लागतं. तालुक्यात सुकी, भोकर अशा सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या आहेत आणि दक्षिणेला तापी आहे, तरी बागांचा मोठा भार विहिरी आणि बोअरवेलवर आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यमापनात रावेर आणि शेजारचा यावल हे तालुके 'अतिशोषित' गटात गेले. याचा सरळ अर्थ असा की पावसातून जेवढं पाणी जमिनीत मुरतं, त्यापेक्षा जास्त आपण उपसतो. बँकेत पगार जमा होतो त्याहून जास्त दर महिन्याला काढत राहिलो तर मुदत ठेव मोडावी लागते, तसंच हे आहे. आधी विहीर आटते, मग बोअर खोल जातं, मग आणखी खोल जातं. प्रत्येक वेळी कर्ज वाढतं.

यात एक चांगली बाजू आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतून दगडगोटे, वाळू आणि मातीच्या थरांचा एक पट्टा जातो. भूवैज्ञानिक त्याला 'बझाडा' म्हणतात. डोंगरातून वाहून आलेल्या या सैल थरांत पाणी चटकन मुरतं. निसर्गानं पुनर्भरणाची जागा तयार ठेवली आहे, तिथे पाणी थांबवायची सोय करावी लागते.

तापी महाकाय पुनर्भरण योजना याच पट्ट्यावर आधारलेली आहे. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये तिच्या करारावर सह्या केल्या. खर्चाचा अंदाज १९ हजार कोटी रुपयांच्या पुढे आहे आणि महाराष्ट्रातल्या २ लाख ३४ हजार हेक्टरहून अधिक क्षेत्राला तिचा लाभ अपेक्षित आहे.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण त्यातून सीएसआरची मर्यादाही कळते. देशभरातल्या सगळ्या कंपन्यांनी मिळून २०२२-२३ मध्ये सीएसआरवर सुमारे ३० हजार कोटी रुपये खर्च केले. त्यात शिक्षण, आरोग्य, पर्यावरण सगळं आलं. एका खोऱ्याच्या एका योजनेचा खर्च त्याच्या निम्म्याहून जास्त आहे. त्यामुळे तालुक्याचा पाणीप्रश्न सीएसआर सोडवेल ही अपेक्षा चुकीची ठरेल. एखाद्या गावाचा नाला, शाळेच्या छतावरचं सौर पॅनेल, पाड्यावरचा पाण्याचा पंप, एवढ्या आकाराचं काम मात्र त्यातून होऊ शकतं.

मग पैसा रावेरपर्यंत पोहोचत का नाही?

कायदा म्हणतो की कंपनीनं आपण जिथे काम करतो त्या स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं. जिथे कारखाने आणि मुख्यालयं, तिथे पैसा, असं चित्र त्यातून तयार होतं. सीएसआर खर्चात महाराष्ट्र देशात सातत्यानं आघाडीवर राहिला आहे. पण मुंबई, पुणे, ठाणे, रायगड या औद्योगिक पट्ट्यांना जी जवळीक आहे, ती सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्याला नाही.

रावेरची अर्थव्यवस्था शेतकरी, व्यापारी, वाहतूकदार आणि सहकारी संस्थांवर उभी आहे. यातले बहुतेक जण कलम १३५ मध्ये येतच नाहीत. सहकारी संस्था कंपनी कायद्याखाली नोंदवलेल्या नसतात. शेतकरी उत्पादक कंपन्या नावाप्रमाणे कंपन्या आहेत, पण एवढा नफा किंवा उलाढाल त्यांच्यापैकी फार थोड्यांची असते.

तरीही दोन दारं उघडी आहेत.

पहिलं दार म्हणजे शेजार. भुसावळजवळ दीपनगरला महानिर्मितीचं औष्णिक वीज केंद्र आहे. भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत. त्या १ ऑक्टोबर २०२१ पासून अनुक्रमे यंत्र इंडिया आणि म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपन्यांकडे गेल्या. अटी पूर्ण होत असतील तर सरकारी कंपन्यांनाही सीएसआरचा कायदा लागू होतो. जळगावात जैन इरिगेशनसारखा मोठा उद्योग आहे.

दुसरं दार म्हणजे नियमाचा खरा अर्थ. 'स्थानिक भागाला प्राधान्य' ही सक्ती नाही, दिशादर्शक तरतूद आहे, असं केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयानं ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. म्हणजे मुंबईतली कंपनी रावेरच्या पाड्यावर खर्च करू शकते. मात्र तिला पटेल असा प्रस्ताव तिच्यापर्यंत पोहोचायला हवा.

खान्देशात असं काही झालंय का?

झालंय, आणि सगळ्यात मोठं उदाहरण सीएसआर कायद्याच्या दहा वर्षं आधीचं आहे.

धुळे जिल्ह्यातला शिरपूर तालुका रावेरसारखाच सातपुडा आणि तापी यांच्या मध्ये आहे. २००४ मध्ये तिथे निवृत्त भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी काम सुरू केलं. तेव्हाचे आमदार अमरीशभाई पटेल पाठीशी होते आणि पैसा आला प्रियदर्शिनी सहकारी सूतगिरणीकडून. नाले रुंद आणि खोल करायचे, त्यावर ओळीनं सिमेंटचे बंधारे बांधायचे, बंधाऱ्याला दारं ठेवायची नाहीत, असं ते तंत्र होतं. जोडीला धरणाचं जादा पाणी कोरड्या विहिरींमध्ये सोडून पुनर्भरण केलं गेलं. हाच पुढे 'शिरपूर पॅटर्न' म्हणून राज्यभर गाजला.

यातून दोन धडे मिळतात.

पहिला धडा पैशाचा. सूतगिरणी ही सहकारी संस्था. तिला कुठल्याही कलमानं भाग पाडलं नव्हतं. ज्यांचा कापूस गिरणीत येतो, त्यांच्या विहिरीला पाणी राहिलं तरच गिरणी चालेल, हा व्यवहार त्यात होता. कंपनीचा आणि गावाचा स्वार्थ एका ठिकाणी आला की काम एका वर्षात थांबत नाही.

दुसरा धडा जमिनीचा. शिरपुरात गाळाची जमीन आणि खडक यांचा अभ्यास करून खोदकाम झालं. हाच साचा उचलून कठीण काळ्या पाषाणाच्या भागात सरसकट वापरण्यावर भूजल तज्ज्ञांनी आक्षेप घेतले. नाला कुठे आणि किती खोल करायचा हे खालचे थर ठरवतात. ते न पाहता जेसीबी लावला तर मुरणारं पाणी उघड्यावर येऊन उन्हात उडूनही जाऊ शकतं. म्हणून निधी देणाऱ्या कंपनीकडे पहिली मागणी पोकलेनची न करता भूवैज्ञानिक पाहणीची करायला हवी.

दुसरं उदाहरण जळगावचं. भवरलाल जैन यांनी उभ्या केलेल्या जैन इरिगेशननं ठिबक सिंचन आणि केळीची टिश्यू कल्चर रोपं खान्देशात रुजवली. पाण्याच्या वापरावर त्याचा मोठा परिणाम झाला. पण ठिबकची विक्री हा व्यवसाय आहे, सीएसआर नाही. जळगावजवळ गिरणा नदीवरचा कांताई बंधारा हे मात्र याच उद्योगाच्या पुढाकारातून झालेलं समाजोपयोगी काम. दोन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत, पण हिशेबाच्या वह्या वेगळ्या आहेत. वाचक म्हणून हा फरक ओळखता आला पाहिजे.

सौर ऊर्जेचं चांगलं उदाहरण कुठलं?

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात दरेवाडी नावाची छोटी वस्ती आहे. २०१२ मध्ये तिथे ९.४ किलोवॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला. साधारण ४० घरांपर्यंत तारा ओढून वीज दिली गेली. पैसे बॉश समूहातल्या सौर कंपनीनं दिले आणि उभारणी पुण्याच्या ग्रामऊर्जा या संस्थेनं केली.

या प्रकल्पात महत्त्वाची गोष्ट पॅनेलच्या आकाराची नव्हती. गावकऱ्यांचं स्वतःचं विश्वस्त मंडळ तयार करण्यात आलं. घरोघरी मीटर बसले. वापरलेल्या विजेचे पैसे गावकरी भरू लागले आणि ती रक्कम देखभालीसाठी जमा होऊ लागली.

देणगीतून आलेल्या विजेचं बिल कशाला, असा प्रश्न पडेल. उत्तर बॅटरीत आहे. सौर पॅनेल साधारण २५ वर्षं टिकतं. बॅटरी आणि इन्व्हर्टरचं आयुष्य त्यापेक्षा बरंच कमी असतं. उद्घाटनाच्या दिवशी सगळं चालू असतं. पाचव्या-सातव्या वर्षी बॅटरी बदलायची वेळ येते, तेव्हा कंपनीचा प्रकल्प कधीच संपलेला असतो. गावाच्या खात्यात पैसे नसतील तर तेव्हापासून अंधार. वेशीवरच्या बंद दिव्यांमागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

रावेर तालुक्याच्या उत्तरेला पाल परिसरात सातपुड्याचं जंगल आणि यावल अभयारण्य आहे. तिथल्या पाड्यांवर तडवी, पावरा, कोरकू समाजाची वस्ती आहे. डोंगरातल्या अशा विखुरलेल्या वस्त्यांसाठी दरेवाडीचा धडा थेट उपयोगाचा आहे.

सौर पंप सगळ्यांना द्या, मग प्रश्नच काय?

रावेरच्या बाबतीत हा मुद्दा जरा अवघड आहे.

सौर पंपाला वीजबिल नाही, डिझेल नाही. हवा प्रदूषित होत नाही. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत मोटर सुरू करायला जावं लागत नाही. हे सगळं खरं आहे. पण पाणी उपसायला एक रुपयाही लागत नसेल, तर ऊन असेपर्यंत पंप बंद करण्याचं कारणही उरत नाही. जिथे भूजल आधीच अतिशोषित आहे, तिथे 'हरित' ऊर्जाच पाणी लवकर संपवू शकते.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या पीएम-कुसुम योजनेनं हा धोका ओळखला आहे. भूजलाच्या दृष्टीनं धोक्यात असलेल्या भागांत नवीन स्वतंत्र सौर पंप देण्यावर तिच्या मार्गदर्शक सूचनांत बंधन आहे. तिथे फक्त आधीपासून चालू असलेले डिझेल पंप सौर करता येतात आणि तेही सूक्ष्म सिंचन वापरत असाल तर.

म्हणून रावेरमध्ये एखादी कंपनी सौर ऊर्जेवर खर्च करू इच्छित असेल, तर आधी कुठल्या कामांचा विचार व्हावा?

- शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि ग्रामपंचायतीच्या छतावरचं सौर पॅनेल
- गावाच्या पिण्याच्या पाणीपुरवठ्याच्या पंपासाठी सौर वीज. अनेक ग्रामपंचायतींचं थकीत बिल इथेच असतं.
- केळीच्या शीतगृहाला आणि पिकवण केंद्राला पूरक सौर वीज, शेतकऱ्यांच्या गटाच्या मालकीची
- केळीच्या खोडावर प्रक्रिया. घड कापल्यावर हेक्टरी कित्येक टन ओलं खोड उरतं. त्यापासून धागा, गांडूळ खत करता येतं. रावेरला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरात केळीच्या धाग्याचं काम चालतं.

शेतीच्या विजेसाठी वेगळा मार्ग आहे. राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज दिली जाते. घरांसाठी फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजना आहे. त्यात ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. जिथे सरकारी योजना आहे तिथे सीएसआरचा पैसा ओतण्यापेक्षा, योजना जिथे पोहोचत नाही ती फट भरायला तो वापरणं शहाणपणाचं.

गावाला सीएसआर निधी हवा असेल तर काय करायचं?

कंपनी स्वतः काम करू शकते किंवा संस्थेमार्फत करून घेऊ शकते. बहुतेक वेळा दुसरा मार्ग निवडला जातो. त्यासाठी संस्थेला काही अटी आहेत.

१. नोंदणी. सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कलम ८ ची कंपनी अशी नोंदणी हवी. आयकराच्या १२-ए आणि ८०-जी नोंदण्या हव्यात. कंपनीनं स्वतः स्थापन केलेली संस्था नसेल तर अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. १ एप्रिल २०२१ पासून 'सीएसआर-१' हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घेणंही सक्तीचं आहे. गावातल्या तरुण मंडळाकडे हे नसेल, तर अशी नोंदणी असलेल्या संस्थेबरोबर काम करावं लागेल.

२. ग्रामसभेचा ठराव. गावाला काय हवं आहे हे गावानं ठरवलं असल्याचा तो पुरावा. पाड्यांवरच्या लोकांना आणि महिलांना विचारलं का, हे इथेच कळतं.

३. आजची स्थिती लिहून काढणं. विहिरींची पाणीपातळी, कोरडे बोअर, पाण्याच्या टँकरच्या फेऱ्या, विजेचं थकीत बिल. काम होण्याआधीचे आकडे नसतील तर नंतर फरक पडला की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

४. योग्य कंपनी शोधणं. सीएसआर समितीत कोण आहे, धोरण काय आहे आणि कोणते प्रकल्प मंजूर आहेत, ही माहिती कंपनीनं आपल्या संकेतस्थळावर देणं बंधनकारक आहे. केंद्राच्या राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कंपनीनिहाय, राज्यनिहाय आणि जिल्हानिहाय खर्च पाहता येतो. मोबाईलवरही तो उघडतो.

५. अंदाजपत्रकात देखभाल धरणं. झाड लावण्याचा खर्च खड्डा आणि रोपाचा नसतो. तो तीन उन्हाळ्यांच्या पाण्याचा आणि राखणदारीचा असतो. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा टँकर कोण आणणार हे आधीच लिहिलेलं हवं. कायद्यात प्रकल्प सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाची सोय आहे. ती मागून घ्या.

मालकी कुणाची?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. सीएसआरमधून बांधलेली इमारत, बसवलेलं पॅनेल किंवा यंत्र कंपनी स्वतःच्या नावावर ठेवू शकत नाही. २०२१ च्या नियमांनुसार ती मालमत्ता नोंदणीकृत संस्थेकडे, लाभार्थ्यांच्या बचतगटाकडे किंवा समूहाकडे, अथवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावी लागते.

म्हणून काम सुरू होण्याआधी हस्तांतराचा कागद तयार हवा. पंप बिघडला तर कोणाला फोन करायचा, पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे, वॉरंटीचे कागद कुणाच्या कपाटात आहेत, हे त्यात लिहिलेलं असावं. मालक नक्की नसलेली वस्तू गावात सगळ्यांची असते आणि दुरुस्तीच्या वेळी कुणाचीच नसते.

काम झालं की नाही, हे कसं तपासायचं?

ज्या कंपनीचं वार्षिक सीएसआर दायित्व १० कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं स्वतंत्र संस्थेकडून परिणाम मूल्यांकन करून घ्यावं लागतं. कंपनीच्या प्रशासकीय खर्चावरही एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांची मर्यादा आहे.

पण गावातली बरीच कामं १ कोटीपेक्षा लहान असतात. तिथे तपासणी गावालाच करावी लागते. तुमच्या गावात असा फलक असेल तर हे प्रश्न विचारून पाहा:

- किती रुपये मंजूर झाले आणि किती खर्च झाले?
- काम कोणत्या संस्थेनं केलं?
- लावलेल्या झाडांपैकी दुसऱ्या उन्हाळ्यानंतर किती जगली?
- बंधाऱ्याखालच्या विहिरींची पातळी आधी किती होती, आता किती आहे?
- पाण्याचा किंवा विजेचा फायदा कोणत्या वस्तीला झाला, कोणत्या वस्तीला नाही?
- बिघाड झाला तर दुरुस्ती कोण करणार?

यांची उत्तरं ग्रामसभेत मागता येतात. कंपनीचा वार्षिक अहवाल कुणीही वाचू शकतं, कारण त्यात सीएसआरचा तपशील जोडणं बंधनकारक आहे.

थोडक्यात काय?

सीएसआर हा सरकारचा पर्याय नाही. पाटबंधारे, भूजलाचं नियमन आणि वीजपुरवठा ही सरकारचीच जबाबदारी आहे आणि राहील. कंपनीचा नफा घटला की तिचा निधीही घटतो, त्यामुळे गावाचं भविष्य त्यावर टांगून ठेवता येत नाही. आणि बंधारा कितीही चांगला बांधला, तरी खालच्या बाजूला दरवर्षी नवे बोअर पडत राहिले तर मुरलेलं पाणी पुन्हा वरच येणार. कोणतं पीक किती क्षेत्रावर घ्यायचं, ठिबक किती वापरायचं, बोअर किती पाडायचे, हे ठरवण्यासाठी कुठल्याही कंपनीचा निधी लागत नाही. ते गावानंच ठरवायचं असतं.

पण एखाद्या नाल्याचं, एखाद्या शाळेचं, एखाद्या पाड्याचं काम नीट झालं तर त्याचा फरक तिथल्या माणसांना रोज जाणवतो. पुढच्या वेळी 'सीएसआर निधीतून' असा फलक दिसला की उद्घाटनाची तारीख बघा आणि त्या तारखेनंतर दोन उन्हाळे गेले असतील तर जवळ जाऊन काम पाहा. दिवा लागतोय का, झाड जगलंय का, विहिरीला पाणी आहे का? फोटो तेव्हा काढा.